न संपणारा खेळ

संगणकावरील खेळातून आम्ही मान वर केली, की घरातील वडीलधारी मंडळी हमखास विचारतात, "काय, जिंकलास का?" इतर खेळांपुरते या प्रश्नाचे उत्तर सोपे असते. परंतु यान घेऊन अंतराळात मन मानेल तिकडे हिंडावयाच्या खेळांत जिंकणे असे काही नसतेच. "मग खेळता तरी कशाला?" हा पुढचा प्रश्न ओघानेच येतो. तो रास्त आहे. त्याचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न.

या प्रकारच्या खेळांत अग्रमान 'एलिट'चा. डेव्हिड ब्रेबेन व इयन बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी रचलेला हा खेळ १९८४ साली इंग्लंडात प्रसिद्ध झाला. ज्या संगणकासाठी तो लिहिला, त्याची स्मृती अवघी ३२ किलोबाइट. तेवढ्यात त्यांनी ८ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह बसविले. ग्रहांची यादी साठवावयाचीच नाही, तर ठराविक अंकांवरून ठराविक गणिताने प्रत्येक ग्रहाचे नाव व स्थान दर वेळी नव्याने काढावयाचे, ही त्यांची युक्ती. खेळाडूच्या हाती एक यान आणि १०० क्रेडिट एवढे भांडवल. पुढे व्यापार करावा, चाचेगिरी करावी, की चाच्यांचा पाठलाग करावा, हे ज्याचे त्याने ठरवावे. युद्धकौशल्याच्या पायऱ्या होत्या; पण शेवटची पायरी गाठली तरी खेळ संपत नसे.

कोणी म्हणेल, की ही सारी मोहिनी अफाट विस्ताराची आहे. आम्हांस तसे वाटत नाही. २०१६ साली निघालेल्या 'नो मॅन्स स्काय'मधील ग्रहांची संख्या लिहावयाची तर १८ वर १८ शून्ये द्यावी लागतील. तरीही आरंभी पुष्कळ खेळाडूंची निराशाच झाली. पुढे रचनाकारांनी वर्षानुवर्षे त्यात करण्याजोगे नवे काही घातले, तेव्हा लोकांचे मत पालटले. माणसाला नुसती जागा पुरत नाही. त्या जागेत करण्याजोगे काम लागते, आणि ते स्वतः निवडलेले असेल तर त्याची गोडी काही वेगळीच.

'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' या २०१५ साली पूर्ण रूपात आलेल्या खेळात याचा आम्हांस अनुभव आला. आपल्याच कक्षेत पुढे चाललेल्या यानाला गाठण्यासाठी आम्ही वेग वाढविला आणि मागे पडलो! वेग वाढविला की कक्षा उंचावते व फेरीला अधिक वेळ लागतो. उलट वेग थोडा घटवून खालच्या कक्षेत उतरले, की फेरी लवकर पुरी होते. यान वारंवार भरकटले, तेव्हा आम्ही होऊन भौतिकशास्त्राचे पुस्तक उघडले. त्या दिवशी केप्लरचा नियम परीक्षेसाठी नव्हता. तो आमच्या गरजेचा होता.

वडीलधाऱ्यांचा एक आक्षेप मात्र आम्हांस मान्य आहे. जो खेळ संपत नाही, तो रात्रही संपवितो. "आता पुरे" असे हा खेळ कधीच सांगत नाही. ते खेळणाऱ्यानेच स्वतःस सांगावे लागते. हे आम्हांस नेहमी जमते असे नाही, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. म्हणून खेळास बसण्यापूर्वीच उठण्याची वेळ ठरविणे, हा त्यातला पहिला नियम समजावा.

शाळेत पुढे काय करावयाचे ते घंटा सांगते, आणि कितपत जमले ते प्रगतिपुस्तक सांगते. लवकरच आम्ही अशा जगात जाऊ, जेथे घंटा नाही आणि प्रगतिपुस्तकही नाही. कोठे जावे आणि कोठे थांबावे, या दोन्ही गोष्टी स्वतः ठरविण्याचा थोडा सराव आधी झाला तर तो वाया जाणार नाही. म्हणून वडील मंडळींस आमची एक विनंती आहे. पुढच्या वेळी "जिंकलास का?" असे न विचारता, "आज कोठे जावयाचे ठरविलेस, आणि परत किती वाजता येणार?" असे विचारावे. त्याचे उत्तर देणे आम्हांस अधिक अवघड जाईल.