दिवस जाण्याआधी सुईण शोधा

माझं वय ३३. माहेर चंद्रपूरचं, सासर देसाईगंजचं, नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअरमध्ये. लग्नाला तीन वर्षं झाली. आता मूल हवं असं आम्ही दोघांनी ठरवलं आणि ईदला गावी गेलो तेव्हा घरी सांगितलंही. मग सल्ले सुरू झाले. कोणत्या हकिमाचं माजून घ्यायचं, जिना किती वेळा चढायचा, काय खायचं, काय नाही. फूफींनी तर बोटांवर महिने मोजले, "मे महिन्यात बाळंतपण येऊ देऊ नको, चंद्रपूरच्या उन्हात भाजून निघशील." एक प्रश्न मात्र कोणीच विचारला नाही. बाळंतपण करणार कोण?

मीच विचारला तेव्हा उत्तर आलं, "आधी दिवस तर जाऊ दे. वेळ आली की बघू."

या अंकात मला याच "बघू"बद्दल लिहायचंय. वेळ आल्यावर बघणारी माणसं वेगळी असतात. आपल्यात पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे सहा-सात महिने पुण्यात किंवा नागपुरात एका डॉक्टरकडे तपासणी होते, आणि सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी पोटासकट दुसऱ्या जिल्ह्यात जाते, जिथे तिला तपासलेलं कोणी नसतं. माझ्या मामेबहिणीचं असंच झालं. माहेरी आली, कागद नागपुरात राहिले. रात्री कळा सुरू झाल्या, एका दवाखान्याने दुसरीकडे धाडलं, दुसऱ्याने तिसरीकडे. रक्तगट कोणता हे गाडीतल्या चार मोठ्या माणसांपैकी एकालाही माहीत नव्हतं. नवरा पुण्याहून निघालेला, फोन लागत नव्हता. ती आणि बाळ दोघंही सुखरूप आहेत, अल्हम्दुलिल्लाह. पण त्या रात्री जे निर्णय झाले त्यातला एकही तिचा नव्हता. आमच्या कामात रात्री सर्व्हर पडला तर पहिला फोन कोणाला जाईल, त्याने उचलला नाही तर दुसरा कोणाला, हे दिवसाउजेडी लिहून ठेवतात. बाळंतपणासाठी आपण तेवढंही करत नाही.

"सुईण" म्हटलं की पुण्यातल्या मैत्रिणींना नऊवारीतली म्हातारी आठवते. माझ्या नानीची सहा बाळंतपणं राजुऱ्याला घरीच झाली, एकाच दाईच्या हातून. नानी तिच्याबद्दल फार मायेने बोलायची. तिच्या हाताला यश होतं, ती घाई करायची नाही, पोट चोळताना गोष्टी सांगायची. मोबदला म्हणजे धान्य, एक साडी, वर थोडे पैसे. पण त्याच घरात तिचा चहाचा कप वेगळा होता, खिडकीत पालथा ठेवलेला. नाळ कापणारा हात अर्ध्या रात्री हवा, आणि सकाळी तोच हात नापाक. आपल्यात जातपात नाही असं सांगणाऱ्यांनी आपापल्या घरच्या दाईचा कप कुठे असायचा ते एकदा आजीला विचारून बघावं. आज उपकेंद्रातली सिस्टर गोंड किंवा बौद्ध घरातली असते आणि आपली मंडळी तिला "ए नर्स" म्हणून हाक मारतात.

जुन्या दाईबद्दल मला माया आहे, पण तिच्यावर सगळं सोपवा असं मी म्हणणार नाही. याचं कारण गडचिरोलीतच सापडतं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५-९६ मध्ये जिल्ह्यातल्या ३९ गावांत घरी बाळंत होणाऱ्या ७७२ बायकांची नोंद ठेवली. निम्म्याहून जास्त जणींना बाळंतपणात किंवा नंतरच्या दिवसांत काही ना काही त्रास झाला. दहातल्या एकीचं बाळंतपण लांबलं, अडलं. शंभरातल्या तीन जणींना बाळंत होताच जास्त रक्तस्राव झाला. आणि अंदाज निघाला तो असा, की घरी बाळंत होणाऱ्या शंभरातल्या १५ जणींना तातडीच्या मोठ्या उपचाराची गरज पडू शकते. १५ कोण, हे आधी सांगता येत नाही. नानीची सहाही बाळंतपणं नीट झाली, त्यात दाईचं कसब होतं आणि नशीबही होतं.

तरीही याच गावांनी दुसरी एक गोष्ट दाखवली. गावातलीच थोडी शिकलेली बाई निवडून तिला आरोग्यदूत केलं. ती बाळंतपणाला दाईच्या शेजारी हजर राहायची, बाळाचा श्वास बघायची, वजन करायची, जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायची. प्रयोगाआधी तिथे हजार बाळांमागे ६२ पहिल्या महिन्यातच जायची. १९९७-९८ पर्यंत हा आकडा सुमारे २५ वर आला. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि २०११ पासून देशभर आशाताई नवजात बाळ बघायला घरोघरी जाऊ लागल्या. तिसऱ्या दिवसापासून सुरू होणाऱ्या त्या फेऱ्यांतली शेवटची ४२व्या दिवशी असते. आपला चिल्ला ४० दिवसांचा. घरातल्या बायकांनी ठरवलं तर हे दोन्ही एकत्र बसतं. पण अनेक घरांत "चिल्ल्यात बाहेरच्या बाईने बाळाला हात लावायचा नाही" म्हणून आशाताईला दारातूनच परत पाठवतात. हेही आधीच बोलून ठेवण्यासारखं. घुट्टीचं आणि मधाचंही तसंच. वर्षाच्या आत बाळाला मध देऊ नये, हे ओल्या बाळंतिणीने सासूला सांगण्यापेक्षा दोन वर्षं आधी नवऱ्याने आईला सांगितलेलं बरं.

पुण्यात दोन टोकं दिसतात. एक "नॅचरल बर्थ"च्या महागड्या शिबिरांचं, जिथे दाई म्हणजे जणू सगळं जाणणारी देवता. दुसरं थेट सिझरची तारीख घेण्याचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशातल्या खासगी दवाखान्यांत १०० बाळंतपणांमागे ४७ सिझर झाली, सरकारी दवाखान्यांत १४. सगळा फरक नफेखोरीचा नसेल, पण सगळा गरजेचाही नाही. ओळखीची प्रशिक्षित मिडवाईफ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोबत असेल तर काय होतं, याचे १७ अभ्यास आणि त्यातल्या १८,५३३ बायकांची माहिती कॉक्रेनने २०२४ मध्ये एकत्र मांडली. अशा बायकांची सिझर कमी झाली, आपोआप बाळंतपणं जास्त झाली, अनुभवही चांगला राहिला. अभ्यास बहुतेक श्रीमंत देशांतले आहेत, ते जसेच्या तसे एटापल्लीला लावता येणार नाहीत. पण "ओळखीची" हा शब्द तिथेही लागू आहे.

मग आपल्याकडे मिडवाईफ आहे कुठे? उत्तर साधं आहे आणि त्याकडे आपलं लक्ष नसतं. एएनएम या नावातला शेवटचा एम मिडवाईफचा. जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेली सिस्टरही नर्स आणि मिडवाईफ अशी दोन्ही म्हणून नोंदलेली असते. याच्या वर केंद्र सरकारने २०१८ मध्ये आणखी १८ महिन्यांचं खास मिडवाईफ प्रशिक्षण ठरवलं. शेजारच्या तेलंगणाने त्याच्या एक वर्ष आधीच हैदराबादच्या फर्नांडिस फाउंडेशनच्या मदतीने सरकारी नर्सेसना तयार करायला घेतलं होतं. म्हणजे सिरोंच्याहून गोदावरीचा पूल ओलांडला की ज्या राज्यात पाय पडतो, तिथे.

मी देसाईगंजजवळच्या एका उपकेंद्रात गेले. सिस्टर पन्नाशीच्या, समोर रजिस्टरांचा ढीग.

"किती महिने झाले?"

"अजून काही नाही."

"काही नाही? मंग आल्या कायले?"

मी म्हटलं, तुम्हाला बघायला. त्या हसल्या, मग खुर्ची दिली. त्यांच्या सगळ्या नोकरीत असं कोणी आलं नव्हतं म्हणे. मी विचारलं की महिन्यात किती बाळंतपणं करता, रात्री इथे कोण असतं, तुम्ही रजेवर असलात तर कोण. पहिलटकरणीला इथे ठेवता की पुढे पाठवता, आणि पाठवायचं कधी ठरवता?

या शेवटच्या प्रश्नावर त्यांनी कपाटातून एक कागद काढला, पार्टोग्राफ. कळा नीट सुरू झाल्या की गर्भाशयाचं तोंड किती उघडलं ते त्यावर वेळेप्रमाणे मांडत जायचं. छापील दोन तिरप्या रेघा असतात. पहिली सावध करणारी. दुसरी तिच्या उजवीकडे चार तासांवर, म्हणजे आता काहीतरी केलंच पाहिजे. तासाला एक सेंटिमीटर या गतीने काम चाललं तर खुणा पहिल्या रेघेच्या डावीकडे राहतात. रेघ ओलांडली की गाडी बोलवायची. फिल्पॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी हा आलेख १९७२ मध्ये ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत मांडला. तिथेही दूरच्या दवाखान्यात एकटी मिडवाईफ आणि डॉक्टर कोसभर नव्हे तर कितीतरी लांब, अशीच अवस्था होती. दुसरी रेघ चार तासांवर आहे, कारण तेवढ्यात बाई मोठ्या दवाखान्यात पोचावी. ऑफिसात मी दिवसभर आलेखच बघते, पण रस्त्याचं अंतर आत धरून काढलेला आलेख पहिल्यांदा पाहिला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये याची नवी आवृत्ती आणली, पण जुनी अजून वापरात आहे. तुम्ही जिला निवडणार असाल तिला एवढंच म्हणा की भरलेला कागद दाखवा, नाव झाकून. कागद कोरे असतील किंवा सगळे एकाच पेनाने एकाच बैठकीत भरलेले असतील, तर कळतं.

दुसरा प्रश्न इंजेक्शनचा. बाळ बाहेर आल्यावर लगेच ऑक्सिटोसिन देतात, त्याने रक्तस्राव आवरतो. ते हवंच. पण हेच इंजेक्शन कळा वाढवायला, बाळ पोटात असताना, घरी किंवा छोट्या दवाखान्यात टोचणारे गावोगाव आहेत. त्याने गर्भाशय फाटू शकतं, बाळ गुदमरू शकतं. "लवकर मोकळं करून देते" असं जी म्हणेल, तिच्याकडून शांतपणे उठून यायचं.

तिसरा, सोबत कोणाला राहू देता. सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वेळी एका बाईला सोबत ठेवता येतं, २०१६ पासून केंद्राची तशी सूचना आहे. अनेक ठिकाणी अजून "बाहेर थांबा"च ऐकू येतं. आधी ओळख झाली असेल तर दार उघडतं.

दिवस जाण्याआधी जाण्याचा मला झालेला फायदा असा, की सिस्टरांनी तिथेच हिमोग्लोबिन बघितलं, बीपी घेतलं, रक्तगट, शुगर, थायरॉइड आणि सिकलसेलची तपासणी लिहून दिली, फॉलिक अॅसिड रोज सुरू करायला सांगितलं. ते पोट राहण्याच्या आधीपासून हवं असतं, कारण बाळाच्या मणक्याची घडण पहिल्या काही आठवड्यांत, बऱ्याचदा पाळी चुकल्याचं कळण्याआधीच होते. मग आवाज खाली करून त्यांनी अंगावरून पांढरं जाण्याबद्दल विचारलं. हा प्रश्न मला पुण्यातल्या कुठल्याही डॉक्टरने विचारला नव्हता. राणी बंगांनी याच जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० बायका तपासल्या होत्या. १९८९ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात १०० पैकी ९२ जणींना स्त्रीरोग निघाला, आणि आधी कधी तपासणी झालेल्या १० सुद्धा नव्हत्या. बायका सहन करतात आणि लाजतात. लाज ओळखीच्या बाईसमोर थोडी कमी होते.

आता परद्याचा मुद्दा, जो आपल्या घरांत सगळ्यात आधी येतो. "लेडी डॉक्टरच पाहिजे." मिडवाईफ बाईच असते, त्यामुळे तिच्यापर्यंत हा प्रश्न सुटतो. ही मागणी मला चुकीची वाटत नाही, बाईला स्वतःला तसं हवं असेल तर ती तिची मर्जी. पण रात्री दोनला सिझरची गरज पडली आणि भूल देणारा पुरुष असला, तर? सही कोण करणार, आणि किती वेळाने? जरुरत असली की मनाईला मुभा मिळते, हे फिक्हमधलं जुनं सूत्र तुमच्या मशिदीतला कोणताही आलिम सांगेल. नवऱ्याने ते निकाहनंतरच्या शांत दिवसांत विचारून घ्यावं. ओटीबाहेर नव्हे.

अहेरी, आलापल्ली, सिरोंचा, भामरागड या बाजूला ज्यांची घरं आहेत त्यांना फूफींचं महिने मोजणं लागू आहे, फक्त उन्हाळ्याऐवजी पावसाळा धरून. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. जुलै-ऑगस्टची तारीख येणार असेल तर आधीच आरोग्य केंद्रातल्या माहेरघरात किंवा पुराच्या अलीकडच्या नातलगांकडे जाऊन राहायला हवं, आणि कोणत्या सिस्टरच्या हाती जायचं हेही ठरायला हवं. पावसाबरोबर मलेरिया येतो, त्याने रक्त उतरतं, आणि रक्त कमी असलेल्या बाईला थोडा रक्तस्रावही झेपत नाही.

आम्ही दोघांनी सध्या असं ठरवलंय. बाळंतपण देसाईगंजला की चंद्रपूरला, हे सातव्या महिन्यात अम्मी आणि सासूबाई मिळून ठरवणार नाहीत. ते आत्ता ठरेल, त्या सिस्टरांशी आणि पुण्यातल्या डॉक्टरांशी बोलून. कागद सगळ्यांच्या फोनमध्ये असतील. नवरा शेवटच्या महिन्यात तिथे राहून काम करेल, तशी परवानगी त्याने कंपनीकडे तोंडी मागूनही ठेवली आहे. सासूबाई आधी रागावल्या, मग म्हणाल्या की मलाही घेऊन चल त्या उपकेंद्रात, गुडघ्याचं विचारायचंय.

सरकारकडे आपली एक मागणी असायला हवी. १८ महिन्यांचं मिडवाईफ प्रशिक्षण घेतलेल्या किती सिस्टर चंद्रपूर आणि गडचिरोलीत नेमल्या आहेत, त्या कुठे बसतात, आणि त्यांना बाळंतपणाचंच काम दिलं जातं की रजिस्टरांचं? हा माहिती अधिकाराचा अर्ज मी लिहिला आहे, सह्यांसाठी पुढच्या आठवड्यात गटात टाकते. तोवर वाचकांनी आपापल्या जवळच्या उपकेंद्रात किंवा आरोग्य केंद्रात जाऊन यावं आणि तीनच गोष्टी कळवाव्यात: तिथे बाळंतपणं होतात का, रात्री कोणी असतं का, आणि गाडी बोलावल्यावर किती वेळात येते. सिस्टरचं नाव किंवा नंबर पाठवू नका. जाताना आईला किंवा सासूला सोबत न्या, आणि लग्न झालेल्या मुलांनी स्वतः जावं.