आधी पंखा, मग दिवा

वीज वाचवा म्हटले की आपण खोलीतला दिवा बंद करतो. भित्तिपत्रकांवरही दिवाच काढलेला असतो. सवय चांगली आहे, पण माझ्या मते खरा शत्रू दिवा नाही, छताचा पंखा आहे.

२०१५ मध्ये उजाला योजना आली आणि घरोघरी ६० वॅटच्या बल्बची जागा ९ वॅटच्या एलईडीने घेतली. असा दिवा रिकाम्या खोलीत १० तास चालू राहिला तरी ०.०९ युनिट वीज जाते. साधा ७५ वॅटचा पंखा तेवढाच वेळ फिरला तर ०.७५ युनिट, म्हणजे आठपटीहून अधिक!

माझे आईबाबा कोलकात्यात भाड्याच्या घरात राहतात. तिथल्या दमट हवेत मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत पंख्याशिवाय बसवत नाही. सुट्टीत मी हिशेब केला. एक पंखा रोज १६ तास चालतो. त्याजागी ३० वॅटचा बीएलडीसी पंखा लावला, तर महिन्याला सुमारे २१ युनिट वाचतात. युनिटला ७ रुपये धरले तरी दीडशे रुपये झाले. पंखा ३००० रुपयांना पडला, तर अडीच उन्हाळ्यांत पैसे वसूल. शिवाय कोलकात्यात वापर वाढेल तसा पुढच्या युनिटचा दर चढतो. त्यामुळे वाचतात ती सर्वांत महाग युनिटे.

आई म्हणाली, "घर आपले नाही, मग खर्च कशाला?" पण बदली झाली की पंखा सामानाबरोबर नेता येतो. सगळे पंखे एकदम बदलायचीही गरज नाही. जो सर्वांत जास्त तास चालतो, तो आधी बदलावा.

त्याहीआधी ऊन अडवावे. उत्तर कोलकात्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना हिरव्या लाकडी झडपा असतात. बंगालीत त्यांना खडखडी म्हणतात. ऊन बाहेर राहते, वारा आत येतो. आमच्या घराला काचा आहेत, म्हणून पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चिक लावली. आतल्या पडद्यापेक्षा ती बरी, कारण ऊन काचेपर्यंत पोहोचतच नाही. ज्यांच्या घरी एसी आहे, त्यांनी तो २६ अंशांवर ठेवून सोबत पंखा लावावा.

पालकांना विनंती, की पुढचा पंखा घेताना रंग आणि किंमत पाहता तसे वॅटही पाहा. २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ताऱ्यांचे लेबल सक्तीचे आहे. आणि कॅडेट मित्रांनो, पहाटे पीटीला पळताना शेवटचा कॅडेट दिवा बंद करतो. त्याने उद्यापासून पंख्याचे बटणही बंद करावे.