रॅकूनला पोळी घालू नका

जर्मनीतल्या मराठी घरांसाठी हे आवाहन आहे. त्यातही कासल, फ्रँकफर्ट, बर्लिनच्या बाजूला ज्यांच्या घरामागे अंगण आहे किंवा ज्यांनी बागेचा तुकडा भाड्याने घेतलाय, त्यांच्यासाठी. उन्हाळ्यात आई-बाबा, सासू-सासरे राहायला येतात. उरलेली पोळी केरात टाकणं त्यांच्या जिवावर येतं. मुक्या जिवाला घातलेलं वाया जात नाही, असं म्हणत ती अंगणात ठेवली जाते. रात्री डोळ्यांवर काळा पट्टा असलेला झुपकेदार शेपटीचा पाहुणा येतो, पुढच्या पंजांत पोळी धरून खातो, नातवंडं काचेला नाक लावून बघतात आणि व्हिडिओ पुण्याला जातो. दुसऱ्या रात्री दोघे येतात.

हे कृपा करून थांबवा.

रॅकून मूळचा उत्तर अमेरिकेचा. एप्रिल १९३४ मध्ये हेसेनमधल्या एडर तलावाकाठी दोन जोड्या मुद्दाम सोडल्या गेल्या. (हुकूम नाझी मंत्री गोरिंगचा होता असं अजून ऐकू येतं, ती दंतकथा आहे.) १९४५ मध्ये बर्लिनच्या पूर्वेला फरसाठी पाळलेले आणखी काही निसटले. आता कासलमध्ये ते घरांच्या माळ्यावर पिल्लं घालतात. २०१६ पासून युरोपीय संघाच्या उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत त्यांचं नाव आहे. परके म्हणून त्यांच्यावर राग धरायचा तर आपणही जर्मनीत परकेच. खरी अडचण त्यांच्या पोटात आहे.

बेलिसास्कॅरिस प्रोसायोनिस नावाचा जंत रॅकूनच्या आतड्यात राहतो. हेसेनमधल्या तपासण्यांत निम्म्याहून जास्त रॅकूनांमध्ये तो सापडलेला आहे. एक मादी दिवसाला लाखावर अंडी घालते आणि ती विष्ठेतून बाहेर पडतात. मातीच्या हाताने माणसाच्या पोटात गेली की त्यांतून निघालेल्या अळ्या आतड्यात थांबत नाहीत. अंगभर भटकतात आणि कधी डोळ्यात, कधी मेंदूत शिरतात. तिथली इजा सहसा भरून येत नाही. असे रुग्ण फार थोडे नोंदले गेलेत, बहुतेक अमेरिकेतले, तेव्हा घर बदलायची घाई नको. पण त्या थोड्यांत लहान मुलं बरीच आहेत, कारण माती तोंडात घालायचं वय तेच.

आपल्या फायद्याच्या दोन गोष्टी आहेत. रॅकून ठरलेल्या जागी विष्ठा करतात: झाडाच्या बुंध्याशी, लाकडाच्या ढिगावर, सपाट छपरावर, माळ्यावर, कधी मुलांच्या वाळूच्या हौदात. त्यामुळे जागा शोधता येते. दुसरं म्हणजे ताज्या विष्ठेतली अंडी लगेच बाधत नाहीत. ती तयार व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. पुढे मात्र ओलसर मातीत ती वर्षानुवर्षं टिकतात. म्हणून 'शनिवारी बघू' म्हणत महिना घालवू नका.

साफ करताना हातमोजे, रबरी बूट आणि चांगला मास्क घाला. आधी पाणी शिंपडा, म्हणजे धूळ उडणार नाही. विष्ठा खरवडून पिशवीत घट्ट बांधा, कचऱ्यात टाका, मग त्या जागेवर उकळतं पाणी ओता. ब्लीच किंवा फिनेलने ही अंडी मरत नाहीत, त्यावर भिस्त ठेवू नका. शेवटी हात साबणाने धुवा. माळा खराब झाला असेल तर हौशीने स्वतः चढू नका. घरमालकाला सांगून माहीतगार माणूस बोलवा. पिंजराही स्वतः लावू नका, ते परवानाधारकांचं काम आहे. वाळूच्या हौदावर रात्री झाकण, कचऱ्याच्या डब्याला पक्की कडी, मांजराचं खाणं घरात. कुत्रा असेल तर त्याचं जंताचं औषध चुकवू नका. हा जंत कुत्र्यातही वाढू शकतो.

आणि मुलाने विष्ठेच्या जागेची माती तोंडात घातली असेल, किंवा नुसती शंका असेल, तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लक्षणांची वाट पाहू नका; अल्बेंडाझोल हे जंताचं औषध मेंदूला इजा होण्याआधी दिलं तरच उपयोगाचं. शौचाची तपासणी करून निर्धास्त होऊ नका, कारण माणसाच्या आतड्यात हा जंत वाढत नाही आणि तिथे अंडी दिसत नाहीत. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात रॅकूनचा उल्लेख करा. हा आजार इतका विरळ आहे की तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना तो सुचेलच असं नाही.