अंगावर काढलेले दुखणे

भंडारा जिल्ह्यात बायका ज्याला 'अंग बाहेर येणे' किंवा 'पिशवी खाली येणे' म्हणतात, ते दुखणे ठाऊक नसलेली प्रौढ बाई क्वचितच सापडेल. स्वतःला नसेल तर सासूला, नणंदेला, शेजारणीला असल्याचे तिने ऐकलेले असते. पण ते दुखणे घरातल्या पुरुषासमोर, किंवा दवाखान्यातल्या पुरुष डॉक्टरासमोर, मोठ्याने बोलून दाखवणारी बाई त्याहूनही क्वचित सापडते. गर्भाशय, मूत्राशय किंवा गुदाशय यांना खालून तोलून धरणारे स्नायू आणि बंध सैल पडतात आणि ते अवयव योनीमार्गात खाली उतरू लागतात, एवढाच या आजाराचा अर्थ. त्यात लाजण्यासारखे काही नाही. हर्निया झालेला माणूस पारावर बसून आपल्या हर्नियाची हकिगत सांगतो. या आजाराची हकिगत मात्र बाई आईलाही धड सांगत नाही.

पिशवी पूर्ण बाहेर आलेल्या, चालताना घासून जखमा झालेल्या वृद्धेची दैना निदान डॉक्टरांच्या नजरेत तरी भरते. येथे विचार करायचा आहे तो त्याच्या कितीतरी आधीच्या अवस्थेचा. डॉक्टर या आजाराच्या साधारण चार पायऱ्या मानतात. पहिल्या-दुसऱ्या पायरीवर बाहेरून काही दिसत नाही, किंवा फार थोडे दिसते. सकाळी उठल्यावर बाईला बरे वाटते. दुपार कलली की खाली जड वाटू लागते, काहीतरी उतरल्यासारखे, ओढल्यासारखे होते. कंबर भरून येते. खोकला किंवा शिंक आली की लघवीचे थेंब पडतात. रात्री आडवे झाले की पुन्हा आराम. या 'आडवे झाले की आराम' प्रकारामुळेच घरच्यांचा विश्वास बसत नाही. सकाळी ठणठणीत असलेली सून दुपारीच कशी बसते, असा प्रश्न सासू विचारते. आपलाही सासूने असाच विचारला होता, हे ती विसरलेली असते.

आता या जिल्ह्यातले काम पाहा. भंडारा हा धानाचा मुलूख. आषाढ-श्रावणात पऱ्हे उपटायचे, पेंढ्या बांधायच्या आणि चिखल केलेल्या बांधीत दिवसभर ओणवे होऊन रोवणी करायची, हे काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांचे. गुत्त्याने रोवणी घेतली तर हात थांबवायची सोय नाही, कारण एकीचा हात थांबला की साऱ्या जणींची मजुरी खोळंबते. पुढे कापणीला धानाचे भारे, उन्हाळ्यात मोहफुले आणि तेंदूपत्ता, आणि नळ पोहोचला नसेल तिथे डोक्यावर भरलेला गुंड. पितळेच्या भांड्यांसाठी हा जिल्हा प्रसिद्ध आहे. पण भरलेल्या पितळी गुंडाचे वजन कोण वाहते, हे त्या कौतुकात कोणी विचारत नाही.

अर्थात नुसत्या ओणवे होण्याने पिशवी उतरते, असे म्हणणे चूक ठरेल. या आजाराचे मूळ बहुतेक वेळा बाळंतपणात असते. लहान वयात लग्न, लागोपाठ बाळंतपणे, रेंगाळलेल्या कळा, पिशवीचे तोंड पुरते उघडण्याआधीच 'जोर कर, जोर कर' म्हणून करायला लावलेली जबरदस्ती, यांनी तळाचे स्नायू ताणले जातात, फाटतात. काही जणींचे बंध जन्मतःच सैल असतात. त्यात पाळी गेल्यानंतर शरीरातले स्त्रीसंप्रेरक कमी होते आणि उरलासुरला ताठपणाही जातो. अशा सैल झालेल्या आधारावर पोटातून जो दाब पडतो तो खोकल्याचा असो, शौचाला कुंथण्याचा असो की डोक्यावरच्या भाऱ्याचा असो, तो दुखणे पुढच्या पायरीवर ढकलतो. चुलीच्या धुराने जडलेला जुना खोकला आणि पोटात न जाणारी भाजी यांचाही पिशवीशी संबंध असतो, हे सांगितले तर लोक हसतात. पण तो असतो.

बाळंतपणानंतरचे सहा आठवडे ही ताणलेले स्नायू सावरण्याची वेळ. सव्वा महिना बाळंतिणीने बाहेर पडायचे नाही, या जुन्या रिवाजात विटाळाचा मूर्खपणा होता, तशी नकळत थोडी विश्रांतीही होती. विटाळ जावा आणि विश्रांती राहावी, असे व्हायला हवे होते. मजुरी करणाऱ्या घरांत अनेकदा उलटे झाले. कायद्याने 2017 मध्ये संघटित क्षेत्रातल्या नोकरदार स्त्रीची भरपगारी प्रसूती रजा 26 आठवड्यांची केली. ते उत्तमच झाले. त्याच वर्षी पहिल्या बाळंतपणासाठी पाच हजार रुपयांची मातृवंदना योजना आली आणि बुडालेल्या मजुरीची अंशतः भरपाई असे तिचे वर्णन करण्यात आले. पाच हजारांत किती दिवसांची विश्रांती विकत घेता येते, हा हिशेब रोवणीच्या हंगामातल्या कोणत्याही मजूर बाईला विचारावा. ती बोटांवर करून दाखवील.

लाखांदूर ओलांडून वडशाकडे गेले की गडचिरोली जिल्हा लागतो. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी त्या जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष 1989 च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. सरासरी काढली तर एकेकीला तीनहून अधिक रोग. आणि आधी कधीतरी आतून तपासणी झालेल्या बायका होत्या अवघ्या आठ टक्के. तोवर साऱ्या जगाच्या आरोग्य खात्यांना ग्रामीण स्त्री आठवत होती ती गरोदरपणात किंवा नसबंदीच्या वेळी. मधल्या तीस-चाळीस वर्षांत तिला काही होत असेल, ही कल्पनाच कोणाच्या कागदावर नव्हती. 1994 च्या कैरो परिषदेनंतर प्रजनन आरोग्य हा शब्द सरकारी भाषेत रुळला, तो या आणि अशा अभ्यासांनी आधी केलेल्या मशागतीवर. पण शब्द रुळला म्हणजे काम रुळले असे नाही. आजही गावात येणारी आरोग्यसेविका गरोदर बाईचे नाव वहीत टिपते आणि लेकुरवाळ्या पंचेचाळिशीच्या बाईच्या दारावरून पुढे जाते. दोष तिचा नाही. वहीतल्या रकान्यांचा आहे.

समजा, बाईने धीर केला आणि दवाखाना गाठला. तिथे तिला बहुधा दोनपैकी एक उत्तर मिळते. 'काही नाही, वयाप्रमाणे होतेच', हे एक. आणि 'पिशवी काढून टाका, कटकट मिटेल', हे दुसरे. पहिले उत्तर तिला घरी पाठवते आणि पाच-दहा वर्षांनी तिसऱ्या-चौथ्या पायरीवर परत आणते. दुसऱ्या उत्तराचे काय होते, ते आपण बीडमध्ये पाहिले आहे. 2019 मध्ये तिथल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा गवगवा झाला आणि राज्य सरकारने समिती नेमली, तेव्हा पाहणीतल्या 82,309 स्त्रियांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. कॅन्सरची भीती, बुडणारी मजुरी आणि खासगी दवाखान्यांचा उत्साह यांचा हा गुणाकार होता. धानपट्टा हा उसाचा मुलूख नाही. भीती, मजुरी आणि दवाखाने मात्र आहेत.

येथे एक साधी गोष्ट लक्षात घ्यायला हवी आणि ती डॉक्टरांनी बाईला सांगायला हवी. पिशवी खाली येते ती तिचा आधार सुटल्यामुळे. छपराचा खांब कलला म्हणून कोणी छप्पर काढून टाकत नाही. आधार न सावरता नुसती पिशवी काढली, तर तिच्या जागी योनीमार्गाचा वरचा भागच पुढे खाली उतरू शकतो. उलट, पिशवी शाबूत ठेवून तिला वर बांधून घेण्याच्या शस्त्रक्रिया आहेत आणि त्यांत आपल्याच मुंबईतल्या डॉ. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांच्या नावाच्या शस्त्रक्रिया जगभरच्या पाठ्यपुस्तकांत शिकवल्या जातात. आपल्याकडे हा आजार ऐन तारुण्यातल्या, अजून मूल हवे असलेल्या बायकांनाही होतो, हे पाहूनच त्या मुळात बेतल्या गेल्या. तिकडे अमेरिकेने योनीमार्गातून कृत्रिम जाळी बसवण्याचा सोपा वाटणारा मार्ग बरीच वर्षे चोखाळला आणि अनेक बायकांना त्याचा त्रास झाल्यावर 2019 मध्ये या कामासाठी त्या जाळ्यांची विक्री थांबवली.

आणि दुखणे सौम्य असेल तर बहुतेकींना शस्त्रक्रिया लागतच नाही. लघवी किंवा वारा अडवून धरताना जे स्नायू आपण आवळतो, तेच नेमके आवळायचे, श्वास न कोंडता शक्य तितका वेळ, दहा अंक मोजून होईपर्यंत, धरायचे, सोडायचे, असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. स्नायू ओळखण्यापुरते लघवीचे उदाहरण. प्रत्यक्ष लघवी करताना हा व्यायाम करायचा नसतो. डॉ. आर्नोल्ड केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने 1948 मध्ये तो मांडला. 2014 मध्ये 'लॅन्सेट'मध्येच आलेल्या 447 स्त्रियांच्या एका चाचणीत, नीट शिकवून घेतलेल्या या व्यायामाने वर्षअखेर बायकांचा त्रास कमी झाल्याचे दिसले. शब्द महत्त्वाचा आहे तो 'नीट शिकवून'. कागदावर छापून दिलेल्या व्यायामात बाई पोट आवळते, मांड्या आवळते आणि हवे ते स्नायू तसेच राहतात. तीन-चार महिने धीर धरावा लागतो, हेही कोणीतरी सांगावे लागते. फिजिओथेरपिस्ट म्हटले की आपल्याला गुडघे आणि कंबर आठवते. हेही त्यांचेच काम आहे.

दुसरा उपाय आहे कडे. योनीमार्गात बसवायची ही मऊ रबराची किंवा सिलिकॉनची रिंग पिशवीला आतून टेकू देते. बाईच्या मापाची निवडून बसवली की ती जाणवतही नाही. काढून, धुऊन पुन्हा बसवायला बाईला शिकवता येते आणि जिला जमत नाही तिने काही महिन्यांनी दवाखान्यात येऊन बदलून घ्यावी. प्राचीन ग्रीक वैद्य यासाठी अर्धे डाळिंब वापरत. इतका हा उपाय जुना आहे. मग तो आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सहज का दिसत नाही? खरे कारण असे की रिंग बसवायला आतून तपासावे लागते, तपासायला स्त्री डॉक्टर लागते, आडोसा लागतो, वेळ लागतो आणि पुन्हा पुन्हा त्याच बाईला भेटावे लागते. शस्त्रक्रिया मात्र एकदा झाली की अहवालात मोजता येते.

नेपाळात हा आजार इतका पसरला होता की 2008 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचा संबंध स्त्रियांच्या घटनादत्त प्रजनन हक्काशी जोडला आणि सरकारला पावले उचलण्याचा आदेश दिला. आपल्याकडे कोर्टात जाण्याची गरज पडू नये. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात चार-पाच मापांच्या रिंगा असाव्यात आणि त्या बसवायला शिकलेली एक परिचारिका असावी. तिशीनंतरच्या बायकांना आशाताई गाठीबद्दल आणि अंगावरून जाण्याबद्दल विचारतात. 'खाली काही उतरल्यासारखे वाटते का?' हा एक प्रश्नही त्यांच्या तोंडी असायला हवा. बाळंतपणानंतरच्या भेटीत बाळाच्या वजनाबरोबर आईला तो व्यायाम दाखवायला दहा मिनिटे पुरतात. भंडारा जिल्ह्यात शस्त्रक्रिया न झाल्यास नागपूरचे मेडिकल आहे, डागा आहे. पण तिथे पाठवायचे कोणाला आणि गावातच सांभाळायचे कोणाला, हे ठरवणारी पहिली तपासणी तुमसर, पवनी, साकोली, लाखांदुरातच व्हायला हवी.

तपासणीची शिबिरे घ्यायची असतील तर रोवणीत घेऊ नयेत, कोणी येणार नाही. कापणीतही नाहीत. दिवाळीनंतरच्या मंडया आटोपल्या, धान चुरून झाले की पौषात बायकांच्या हाताला थोडी उसंत मिळते. तेव्हा घ्यावीत, सकाळी नव्हे तर दुपारी, कारण दुखणे दुपारीच दिसते. बाईला उभे करून, खोकायला लावून तपासावे. आणि शिबिराच्या फलकावर 'गर्भाशयभ्रंश निदान' असे न लिहिता सरळ 'अंग बाहेर येणे' असे लिहावे.