हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी

हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा मिळाला. तरी हक्कसोडपत्रांवर बहिणींच्या सह्या होतातच. मीही केली. भावावर कर्ज होतं, आईला तोच सांभाळत होता. माझी माया खोटी नव्हती. (माहेर तुटेल ही धास्तीही होतीच.) पण मायेपोटी भावाने बहिणीसाठी हक्क सोडल्याचं कुणी पाहिलंय?

मैत्रिणींनो, भावाची काळजी वाटते ना? मग जमीन त्याला कसू द्या, पीकही घेऊ द्या. सातबाऱ्यावरचं आपलं नाव मात्र राहू द्या. नवऱ्याने टाकलेली बाई माहेरी परतते तेव्हा ती भावाच्या दयेवर राहते की स्वतःच्या हिश्श्यावर, ते या सहीवर ठरतं. आमच्या गटातल्या एकीने सही नाकारली. भाऊ अजून तिच्याशी बोलत नाही.