मिस्त्रीकाकांना बोलावण्यापूर्वी

तुमच्या घरातला एखादा नळ सध्या टपटपतोय का? की न्हाणीघरातला दिवा भुकभुक करतोय? घर म्हटलं की काही ना काही बिघडणारच! मग संवाद सुरू होतो. "अहो, त्या प्लंबरला फोन केलात का?" "केला गं, उद्या येतो म्हणालाय!" आणि हा 'उद्या' कधी कधी आठवडाभर उगवतच नाही.

तुम्ही म्हणाल, "हे मोठ्यांचं काम. त्यात आमचा काय संबंध?" संबंध आहे तर! दुरुस्ती चांगली होणं जसं कारागिराच्या हातात असतं, तसंच ते बोलावणाऱ्याच्याही हातात असतं. नेमकं काय बिघडलंय ते सांगणं, पैशांचं आधी बोलणं आणि कारागिराच्या जिवाची काळजी घेणं, ही बोलावणाऱ्याची तीन कामं. ती शाळेत कुणी शिकवत नाही, म्हणून आज आपण शिकू या.

आधी एक गंमत. सुताराला, गवंड्याला आपण सर्रास 'मिस्त्री' म्हणतो. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आला. तिकडे 'मेस्त्र' म्हणजे उस्ताद, गुरू! 'चावी', 'बादली' आणि 'पगार' हे शब्दही तिथलेच. म्हणजे गळक्या नळाखाली बादली ठेवून मिस्त्रीला हाक मारणारा माणूस नकळत पोर्तुगीज बोलत असतो!

आता पहिलं काम, बिघाड ओळखणं. "नळ गळतोय" एवढंच सांगितलं, तर प्लंबर येणार, बघणार, "सामान आणतो" म्हणून जाणार आणि अर्धा दिवस तिथेच संपणार. त्यापेक्षा नळ कुठून गळतोय ते नीट पाहा. तोंडातून थेंब पडत असेल, तर बहुधा आतलं वॉशर झिजलेलं असतं. हेच ते आपलं 'वायसर'! जुन्या आट्याच्या नळात फिरवायच्या दांड्याच्या टोकाला ही रबराची चकती बसवलेली असते. नळ बंद केला की ती पाण्याच्या भोकावर दाबली जाते. म्हणूनच गळणारा नळ जोर लावून आवळू नये. त्यानं चकती आणखी चेपते आणि गळती वाढते. पाणी मुठीच्या भोवतीनं झिरपत असेल, तर दांड्याभोवतीचं पॅकिंग गेलं समजा. आणि भिंतीपाशी ओल दिसत असेल, तर आट्यांवरची टेप पुन्हा गुंडाळावी लागेल. पाव फेरा दिला की पूर्ण उघडणाऱ्या नव्या नळांत मात्र वायसर नसतं. त्यांत चिनी मातीसारख्या कडक चकत्या असतात आणि तो आतला भागच बहुधा अख्खा बदलावा लागतो. एवढं फोनवर सांगितलंत, तर प्लंबरकाका सामान घेऊनच येतील.

"थेंबच तर पडतोय, कशाला घाई?" असं घरात कुणी म्हणालं, तर त्यांना गणित करून दाखवा. नळाखाली भांडं ठेवा आणि १० मिनिटांनी त्यातलं पाणी औषधाच्या मापानं मोजा. त्याला १४४ नं गुणा. का, ते सांगा पाहू? बरोबर! दिवसात १४४० मिनिटं असतात. भांड्यात ५० मिलिलिटर जमलं असेल, तर दिवसाला ७ लिटर २०० मिलिलिटर पाणी वाया जातंय. महिन्याला झालं २१६ लिटर! जिथे टँकरची वाट पाहत रांगा लागतात, तिथल्या माणसाला हा आकडा सांगून बघा.

विजेच्या बाबतीत मात्र तुम्ही फक्त डोळे आणि नाक वापरायचं, हात नाही! दिवे गेले तर शेजारी आहेत का पाहा. शेजारी असतील तर बिघाड आपल्याच घरात. मग एकाच खोलीतले गेलेत की सगळे? इस्त्री किंवा गीझर लावल्यावरच एमसीबीचं बटण खाली पडतं का? कुठे जळका वास येतोय का? ही माहिती वायरमनच्या फार उपयोगाची असते. बटण पुनःपुन्हा पडत असेल, तर ते दाबत बसू नका. ते बटण खोडी काढत नाहीये, धोक्याची सूचना देतंय. जुन्या फ्यूजमध्ये 'सारखी उडते' म्हणून जाड तार घालणं हा तर शुद्ध वेडेपणा! फ्यूजनं वितळायचं असतं, म्हणजे भिंतीतली वायर वाचते. जाड तार वितळत नाही, मग भिंतीतली वायर तापते आणि आग लागते. आणि हो, नवं वायरिंग वगैरे मोठं काम परवाना असलेल्या ठेकेदाराकडूनच करून घ्यायला हवं.

दुसरं काम, पैशांचं आधी बोलणं. पूर्वी खेड्यात सुतार, लोहार वर्षभर शेतकऱ्याचे नांगर-कुळव दुरुस्त करून देत आणि सुगीला खळ्यावर त्यांना धान्याचा वाटा मिळे. त्याला बलुतं म्हणत. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली लिहिलेल्या 'गावगाडा' या पुस्तकात ही पद्धत तपशिलानं वाचायला मिळते. त्यात दर कामाचा वेगळा भाव नव्हता. पण कुणी कोणतं काम करायचं हे जन्मानंच ठरलेलं असायचं! आज तसं नाही. आयटीआयमध्ये कुणालाही हे काम शिकता येतं. प्लंबरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, तर इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा. मोबदला रोखीनं आणि कामागणिक. म्हणून काम सुरू होण्यापूर्वीच विचारायचं, "काका, मजुरी किती आणि सामानाचे किती? नुसतं बघायला यायचे वेगळे पैसे आहेत का?" सामानाची पावती मागायची आणि बदललेला जुना भाग पाहायला मागायचा. यात संशय नाही, व्यवहार आहे. चोख कारागिराला त्याचा राग येत नाही.

मात्र काम झाल्यावर "पाच मिनिटांचं तर काम, एवढे पैसे?" अशी घासाघीस करू नये. अहो, त्या पाच मिनिटांमागे कितीतरी वर्षांचा सराव असतो! येण्याजाण्याचा वेळ आणि हत्यारांचा खर्च वेगळाच. उशीर लावणाऱ्याला जास्त आणि झटपट करणाऱ्याला कमी, हा कुठला न्याय?

आता तिसरं काम, सर्वांत महत्त्वाचं. वायरमन काम करत असताना मेन स्विच बंद असतो. अशा वेळी आतून कुणीतरी "अरे, लाइट कुणी बंद केली?" म्हणून बटण दाबलं तर? म्हणून पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहा, 'काम चालू आहे, बटणाला हात लावू नका!' आणि ती स्विचपाशी लावून टाका. वाटल्यास तिथे पहाऱ्याला बसा. टेबलावर स्टूल ठेवून कुणाला वर चढू देऊ नका. शिडी आणा आणि मोठ्या माणसाला ती खाली धरायला सांगा.

कोकणात मे महिन्यात घरं शाकारतात. म्हणजे छपरावरची कौलं काढून साफ करायची, फुटकी बदलायची आणि पुन्हा नीट बसवायची. हे मिरगाआधीच उरकतात. भर पावसात निसरड्या कौलांवर माणसाला चढवायचं नसतं. शहरातल्या गच्चीची गळतीसुद्धा पावसाआधीच बघावी. वेळेवर बोलावणं हीसुद्धा काळजीच आहे.

आणि एक काम असं आहे, की ते कितीही पैसे दिले तरी कुणाला सांगता येत नाही. ते म्हणजे मैल्याच्या टाकीत माणूस उतरवणं. सेप्टिक टँकमध्ये विषारी वायू साठतात. त्यांतला हायड्रोजन सल्फाइड फार झाला की नाकाला त्याचा वासच येईनासा होतो! माणूस आत बेशुद्ध पडतो, त्याला वाचवायला दुसरा उतरतो आणि तोही वर येत नाही. २०१३ च्या कायद्यानं संरक्षक साधनांशिवाय कुणालाही अशा टाकीत उतरवायला बंदी केली आहे. टाकी उपसायला यंत्राची गाडी मिळते, तीच बोलवायची. तुमच्या सोसायटीत कुणी "उतर रे, दोनशे जास्त देतो" असं म्हणताना दिसलं, तर घरच्यांना ताबडतोब सांगा. आत कुणी पडलंच, तर स्वतः उतरू नका, १०१ वर अग्निशमन दलाला कळवा.

तुमच्यासाठीही एक नियम. घरात मोठं माणूस नसेल, तर अनोळखी कारागिराला आत घ्यायचं नाही. "आई आल्यावर या काका," असं सांगितलं तर त्यात उद्धटपणा नाही. पण आई-बाबा घरी असतील, तर पाण्याचा तांब्या मात्र तुम्हीच नेऊन द्या. शेजारी बसून काम बघा, प्रश्न विचारा. "ए प्लंबर" नको, "काका" म्हणा. बहुतेक कारागीर हौसेनं समजावून सांगतात.

तर या रविवारचा गृहपाठ असा. घरातला पाण्याचा मेन कॉक आणि विजेचा मेन स्विच कुठे आहे ते बाबांकडून किंवा आईकडून माहीत करून घ्या. गळका नळ असेल तर १० मिनिटांचं पाणी मोजा. आणि एका वहीत प्लंबर, वायरमन, सुतार, गवंडी यांची नावं, फोन नंबर आणि मागच्या वेळी काय काम केलं, किती पैसे दिले, ते लिहून ठेवा. पुढच्या वेळी नळ फुटला की सगळे तुमची वही शोधत येतील!