कैद्याला भाकरी द्या, तारीखही मिळवून द्या

तुरुंगातल्या माणसाला भेटणे म्हणजे ख्रिस्तालाच भेटणे, ही मत्तयच्या शुभवर्तमानातील शिकवण शिरोधार्य मानून पाश्चात्त्य देशांतील चर्चची पथके आफ्रिकेतल्या तुरुंगांत जातात. साबण, घोंगड्या, औषधे, मक्याचे पीठ वाटतात, प्रार्थना घेतात आणि मायदेशी परततात. मलावीसारख्या देशात या मदतीची गरज खरीच आहे. तिथल्या तुरुंगांत बहुतेकदा दिवसातून एकच जेवण मिळते. राजधानी लिलाँग्वेतल्या माउला तुरुंगाची क्षमता सुमारे 800. तिथे 2015 मध्ये अडीच हजारांहून अधिक माणसे कोंबलेली होती. अशा कोठडीत क्षयरोग पसरायला वेळ लागत नाही. पण ही गर्दी होते कशी? किरकोळ गुन्ह्याच्या आरोपाखाली धरलेली, वकील परवडत नसलेली माणसे सुनावणीची वाट पाहत आत राहतात. मलावीच्या न्यायालयाने 2009 मध्ये ही दाटी घटनाबाह्य ठरवली, तरी ती हटली नाही. म्हणून परदेशी मिशनच्या पैशाचा मोठा वाटा कैद्याचा खटला पुढे सरकवण्याकडे वळला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

याची वाट मलावीनेच दाखवली आहे. 2000 साली तिथे पॅरालीगल, म्हणजे कायद्याचे प्राथमिक शिक्षण घेतलेले स्थानिक कार्यकर्ते, तुरुंगांत काम करू लागले. ते कैद्यांना जामिनाचा अर्ज समजावतात, मुदतीबाहेर डांबलेल्यांच्या याद्या करतात आणि त्या याद्या घेऊन दंडाधिकारी तुरुंगातच न्यायालय भरवतात. कोणाला जामीन मिळतो, कोणाला तारीख, कोणाची तिथल्या तिथे सुटका होते. पीठ आठवड्यात संपते. सुटलेला माणूस मात्र घरी जाऊन शेत कसतो आणि मागे राहिलेल्यांना पाय पसरायला जागा होते.

‘उपाशी माणसाला कायदा काय सांगता?’ हा आक्षेप रास्त आहे, आणि अन्नवाटप थांबवा असे मी म्हणतही नाही. प्रार्थनेलाही माझा विरोध नाही. मलावी ख्रिस्तीबहुल आहे, अनेक कैद्यांना त्या तासाभराचा खरा आधार वाटतो आणि धर्मगुरूची भेट हा कैद्याचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या मंडेला नियमांनीही मान्य केला आहे. पण ती भेट नाकारण्याचा हक्कही त्याच नियमांत आहे. भुकेल्या मुस्लिम कैद्यासमोर पिठाची पिशवी आणि प्रवचन एकाच हाताने पुढे केले, तर त्याच्या होकाराला अर्थ उरत नाही. मदत कोणत्याही धर्ममताच्या प्रसारासाठी वापरू नये, हे रेडक्रॉस चळवळ आणि स्वयंसेवी संस्थांच्या 1994 च्या आचारसंहितेने स्पष्टच सांगितले आहे. तेव्हा वाटपाची वेळ आणि प्रार्थनेची वेळ वेगळी ठेवावी. वाटप स्थानिकांच्या हाती द्यावे.

‘स्वतः गेल्याशिवाय देणाऱ्याचे मन हलत नाही,’ असेही म्हटले जाते. मग जावे, पण तिकिटांवर जितका खर्च होईल तितकीच रक्कम पॅरालीगलच्या पगारासाठी दरवर्षी बाजूला काढावी. मंडळींनी आपल्या पाळकांकडे एवढा हिशेब जरूर मागावा.